वर्षारंभीचा आशावाद आणि शेअर बाजार : एका जुन्या वादाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

दरवर्षी डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत दलाली पेढ्या, म्युच्युअल फंड आणि अर्थविषयक नियतकालिके येत्या बारा महिन्यांत निर्देशांक कोठे पोचेल याचे अंदाज प्रसिद्ध करतात, आणि या अंदाजांतील बहुसंख्य चढत्या दिशेचे असतात. बाजाराच्या दीर्घकालीन इतिहासात चढत्या वर्षांची संख्या उतरत्या वर्षांहून अधिक असल्यामुळे असा अंदाज करण्यात वरकरणी काही गैर नाही. तरीही अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी गेली आठ दशके एक वेगळा प्रश्न लावून धरला आहे. वर्ष बदलताना गुंतवणूकदारांच्या मनात जी उभारी येते ती उपलब्ध माहितीतून येते, की केवळ दिनदर्शिकेतून? आणि ती दिनदर्शिकेतून येत असेल, तर तिचा किमतींवर परिणाम होतो का, झाल्यास तो टिकतो का?

येथे 'आशावाद' हा शब्द मर्यादित अर्थाने घेतला आहे. कंपन्यांचा नफा, व्याजदर आणि परकीय भांडवलाचा ओघ यांवरून जेवढ्या परताव्याची अपेक्षा रास्त ठरेल, त्याहून अधिक परताव्याची अपेक्षा बाळगणे म्हणजे आशावाद. या व्याख्येनुसार चढत्या बाजारात चढीची अपेक्षा करणे हा आशावाद नव्हे, ते केवळ निरीक्षण होय. अडचण अशी की 'रास्त' अपेक्षा किती हे कोणालाच स्वतंत्रपणे मोजता येत नाही, आणि या वादातील बराचसा गोंधळ याच अडचणीतून उद्भवला आहे.

पूर्वपीठिका : काला अंब ते बॅकबे

मराठी वाचकाच्या स्मृतीत वर्षारंभ, पैसा आणि दूरची बातमी यांची गाठ शेअर बाजाराच्या जन्माच्या कितीतरी आधी बांधली गेली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतची तिसरी लढाई जेथे झाली त्या परिसरातील काला अंब हे ठिकाण आज दिल्लीलगतच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते, आणि ज्या पंधरवड्यात मुंबईत वर्षाचे अंदाज छापले जातात त्याच पंधरवड्यात तेथे दरवर्षी मराठी माणसे स्मृतिदिनासाठी जमतात. मराठ्यांच्या त्या मोहिमेची आर्थिक बाजू लष्करी बाजूइतकी चर्चिली जात नाही. उदगीरच्या विजयानंतर मोठ्या अपेक्षेने निघालेली फौज दिल्लीत पोचेपर्यंत पैशाने इतकी गांजली होती की सेनापती सदाशिवरावभाऊंना लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासच्या छताची चांदी काढून तिची नाणी पाडावी लागली. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुऱ्याच्या विजयाने रसद आणि उभारी दोन्ही मिळाल्या, पण नोव्हेंबरपासून दक्षिणेकडील वाट अडवली गेली आणि छावणीत उपासमार सुरू झाली. उत्तरेकडे कूच करीत असलेले नानासाहेब पेशवे भेलशाजवळ असताना पराभवाची वार्ता त्यांच्यापर्यंत पोचली ती एका साहुकारी पत्राने, मोती-मोहरांच्या सांकेतिक भाषेत. सरकारी डाकेआधी सराफी डाकेला खरी स्थिती कळली होती, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण बाजारातील आशावादाच्या चर्चेत 'कोणाला काय आणि केव्हा कळले' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. लढाई आणि गुंतवणूक यांची तुलना मात्र याहून पुढे ताणू नये.

शेअर बाजाराचा खरा पहिला धडा मुंबईने १८६५ मध्ये घेतला. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाल्यावर मुंबईतून जाणाऱ्या कापसाचे भाव कल्पनेपलीकडे चढले. या पैशाचा पूर मुंबईत नव्या कंपन्यांच्या शेअरांत शिरला. जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या व तत्सम उद्देशांच्या ८ जमीन-कंपन्या होत्या. समुद्रातून निघायच्या असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या बॅकबे कंपनीच्या पाच हजार रुपये दर्शनी किमतीच्या शेअरसाठी त्याच्या अनेक पट अधिमूल्य, म्हणजे दर्शनी किमतीवर द्यावी लागणारी जादा रक्कम, मोजले जात होते. प्रेमचंद रायचंद हे या तेजीचे सूत्रधार मानले जात, आणि १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून सढळ हाताने कर्जे देत होती.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेकडील राज्यांचे जनरल ली शरण आले, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ या वायदापूर्तीच्या दिवशी, म्हणजे पुढील तारखेच्या कबुलीवर केलेले सौदे रोखीने मिटवण्याच्या दिवशी, देणी फिटणार नाहीत हे उघड झाले. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान आणि लोकहितदक्ष माणसाची मिळकतही या सट्ट्यात गेली. एवढ्यावरून ही तेजी केवळ सटोडियांची होती हा समज टिकत नाही. त्या जानेवारीतील आशावादाची जात पाहण्यासारखी आहे. तो तारखेतून आलेला नव्हता. दूरदेशीचे युद्ध आणखी काही काळ चालेल, या एका गृहीतावर तो उभा होता आणि ते गृहीत कोणी तपासून पाहिले नव्हते. पुढे १८७५ मध्ये स्थानिक दलालांनी आपली संघटना बांधली, तीच आजची मुंबई शेअर बाजार ही संस्था.

वर्ष नेमके केव्हा सुरू होते?

पाश्चात्त्य वाङ्मयात 'वर्षारंभ' म्हणजे १ जानेवारी हे गृहीत धरले जाते, कारण तेथील बहुतेक देशांत दिनदर्शिकेचे वर्ष आणि कराचे वर्ष एकच असते. भारतीय बाजारात मात्र निदान चार वर्षारंभ आहेत. व्यापारी परंपरेतील विक्रम संवत दिवाळीत बदलतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुमारे तासभराचे 'मुहूर्ताचे सौदे' होतात. मुंबई शेअर बाजारात ही प्रथा १९५७ पासून आणि राष्ट्रीय शेअर बाजारात १९९२ पासून चालत आल्याचे सांगितले जाते, परंतु राष्ट्रीय बाजारातील समभागांचे व्यवहार नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाले असल्यामुळे दुसरे साल सावधपणेच घ्यावे. दुसरा आरंभ १ जानेवारीचा, जो परदेशी निधींच्या हिशेबाशी जोडलेला आहे. तिसरा १ फेब्रुवारीचा, कारण २०१७ पासून केंद्रीय अर्थसंकल्प त्या दिवशी मांडला जातो आणि जानेवारीतील पुष्कळशा अपेक्षा अर्थसंकल्पाच्याच असतात. चौथा १ एप्रिलचा, जेव्हा आयकराचे आणि कंपन्यांच्या ताळेबंदाचे वर्ष सुरू होते. मराठी घरांत गुढीपाडव्याला किंवा दिवाळीच्या पाडव्याला थोडी खरेदी 'शकुनाची' म्हणून केली जाते ती निराळीच.

ही विविधता अभ्यासाला अडथळा वाटत असली तरी वस्तुतः ती संधी आहे. आशावाद तारखेतून येत असेल, तर प्रत्येक आरंभाला तो त्या-त्या समूहात दिसायला हवा, संवत पाळणाऱ्यांत दिवाळीला आणि परदेशी निधींत जानेवारीत. तो करातून येत असेल, तर केवळ एप्रिलमध्ये दिसायला हवा.

सिद्धांतांची मांडणी

जानेवारीत शेअरांचा परतावा इतर महिन्यांहून अधिक असतो ही गोष्ट 'जानेवारी परिणाम' या नावाने ओळखली जाते. सिडनी वॉक्टेल यांनी १९४२ मध्ये अमेरिकी बाजारातील ऋतुमानानुसारच्या चढउतारांवर लिहिताना तिची नोंद केली, परंतु तिला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती १९७६ मध्ये, जेव्हा मायकेल रोझेफ आणि विल्यम किनी यांनी न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या १९०४ ते १९७४ या काळातील आकड्यांवरून जानेवारीचा सरासरी परतावा सुमारे साडेतीन टक्के आणि उरलेल्या महिन्यांचा सुमारे अर्धा टक्का असल्याचे दाखवले. डोनाल्ड कीम यांनी १९८३ मध्ये हा जादा परतावा मुख्यतः लहान कंपन्यांच्या शेअरांत आणि त्यातही जानेवारीच्या पहिल्या काही दिवसांत एकवटलेला असल्याचे दाखवल्यावर स्पष्टीकरणांची रांग लागली.

पहिले स्पष्टीकरण कराचे आहे. वर्ष संपण्याआधी तोट्यातील शेअर विकून तो तोटा नफ्यातून वजा दाखवला की कर कमी बसतो, म्हणून डिसेंबरात घसरलेल्या शेअरांची विक्री वाढते, आणि जानेवारीत तीच माणसे पुन्हा खरेदी करू लागल्यावर किमती सावरतात. यात मनोवृत्तीचा संबंध नाही, हिशेबाचा आहे. जे रिटर यांनी १९८८ मध्ये एका मोठ्या दलाली पेढीच्या ग्राहकांचे व्यवहार तपासले, तेव्हा वर्षअखेरीस वैयक्तिक गुंतवणूकदारांची विक्री आणि वर्षारंभी खरेदी नेहमीपेक्षा जास्त असल्याचे त्यांना आढळले. विक्रीचा पैसा काही दिवस नुसता पडून राहतो आणि मग एकदम बाजारात येतो, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. मुस्तफा आणि बुलेंट गुल्तेकिन यांच्या १९८३ च्या अनेक देशांच्या अभ्यासातही कराचे वर्ष जेथे बदलते तेथे परतावा वाढलेला दिसला, आणि ब्रिटनमध्ये तो एप्रिलमध्ये होता.

तथापि ऑस्ट्रेलियात कराचे वर्ष जूनअखेर संपत असूनही जानेवारीत परतावा वाढलेला आढळला. वैयक्तिक गुंतवणूकदारांना त्या काळी भांडवली नफ्यावर करच नव्हता अशा जपानमध्येही तो दिसला. कराचा सिद्धांत यामुळे खोटा पडत नाही, परंतु एकट्याने तो पुरत नाही हे उघड आहे. दुसरे स्पष्टीकरण संस्थांचे. निधी-व्यवस्थापक वर्षअखेरच्या अहवालात बुडालेले शेअर दिसू नयेत म्हणून ते आधीच विकतात आणि नव्या वर्षात जोखीम घेण्यास मोकळे होतात. याला 'खिडकी सजवणे' म्हणतात, आणि आपल्याकडे मार्चअखेरीस बँका ठेवी फुगवून दाखवीत त्याच्याशी त्याचे नाते जवळचे आहे.

तिसरे स्पष्टीकरण मनोवृत्तीचे, आणि प्रस्तुत विषयाचा गाभा तेच आहे. स्टीफन सिकोन यांनी २०११ मध्ये 'खोट्या आशा' या संज्ञेभोवती आपली मांडणी केली. अमेरिकेतील ग्राहक-विश्वासाच्या मापनात जानेवारीत उंची दिसते, आणि ज्या कंपन्यांच्या भवितव्याविषयी अनिश्चितता जास्त असते त्यांचेच शेअर या महिन्यात चढतात व मागाहून अपेक्षाभंगाने उतरतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जेम्स डोरन, डॅनलिंग जियांग आणि डेव्हिड पीटरसन यांनी २०१२ मध्ये लॉटरीसारख्या शेअरांचा, म्हणजे थोड्या पैशात फार मोठ्या नफ्याची शक्यता दाखवणाऱ्या शेअरांचा, अभ्यास केला. त्यांना अमेरिकेत जानेवारीत, तर चीनमध्ये तेथील पारंपरिक नववर्षाच्या सुमारास अशा शेअरांची ओढ वाढलेली दिसली. हा पुरावा कराच्या सिद्धांताने सहज उलगडत नाही, कारण चीनचे नववर्ष चांद्र गणनेने सरकते आणि कराचे वर्ष त्याच्याबरोबर सरकत नाही. हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये वर्णिलेला 'नव्या आरंभाचा परिणाम' याला मानसशास्त्रीय आधार देतो : वर्ष, महिना, वाढदिवस अशा खुणांपाशी माणूस आपल्या मागील चुकांना मागील खात्यात टाकतो आणि नवे खाते कोरे मानतो.

या सर्वांच्या विरोधात कार्यक्षम बाजाराचा पक्ष उभा आहे. १९७० मध्ये यूजीन फामा यांनी व्यवस्थित मांडलेल्या या दृष्टीनुसार उपलब्ध माहिती किमतींत आधीच सामावलेली असते, त्यामुळे जानेवारीत किंमत वाढते हे ठाऊक झाले की लोक डिसेंबरातच खरेदी करतील आणि जानेवारीची वाढ नाहीशी होईल. विल्यम श्वर्ट यांनी २००३ मध्ये दाखवले की अशा अनेक विसंगती त्यांच्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यानंतर क्षीण झाल्या, आणि जानेवारी परिणामही पुष्कळ दुबळा पडला. मनोवृत्तीचा पक्ष यावर म्हणतो की खोटी आशा दुरुस्त करायला पैसा आणि जोखीम दोन्ही लागतात, आणि लहान कंपन्यांच्या शेअरांत तसे करणे महाग असते. या मुद्द्यावर दोन्ही पक्षांत अजून एकमत नाही, आणि प्रामाणिकपणे पाहता दोघांच्याही बाजूने बोलण्याजोगे पुष्कळ आहे.

भारतातील काही जानेवारी

भारतीय आकड्यांवरील संशोधन तुलनेने उशिरा सुरू झाले, कारण मुळात सर्वमान्य निर्देशांकच उशिरा आला. मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला, त्याचे आधारवर्ष १९७८-७९ आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील आय. एम. पांडे यांनी उदारीकरणानंतरच्या सेन्सेक्सच्या मासिक परताव्यात ऋतुमानानुसारचा फरक आढळत असल्याचे मांडले. पुढील अभ्यासांचे निष्कर्ष मात्र कालखंड, निर्देशांक आणि पद्धती यांनुसार बदलत गेलेले दिसतात.

अलीकडील काही वर्षे पाहिली तर प्रश्नाची गुंतागुंत ध्यानात येते. २००७ च्या अखेरीस सेन्सेक्स २०,२८७ वर होता आणि १० जानेवारी २००८ रोजी तो २१,२०० च्या पुढे गेला. पुढच्याच आठवड्यात, १५ ते १८ जानेवारीच्या दरम्यान, रिलायन्स पॉवरची साडेअकरा हजार कोटी रुपयांहून मोठी भागविक्री झाली आणि तिला उपलब्ध शेअरांच्या सुमारे ७३ पट मागणी आली. ज्या कंपनीचे प्रकल्प बहुतांशी कागदावर होते तिच्यासाठी ही रांग होती, आणि १८६५ च्या बॅकबेची आठवण व्हावी इतके त्यात साम्य आहे. २१ जानेवारीला सेन्सेक्स १,४०८ अंशांनी कोसळला, दुसऱ्या दिवशी व्यवहार काही काळ थांबवावे लागले, आणि ४५० रुपये भावाने विकलेला रिलायन्स पॉवरचा शेअर ११ फेब्रुवारीला, बाजारातील पहिल्याच दिवशी, ३७२.५० वर बंद झाला. वर्ष संपताना सेन्सेक्स ९,६४७ वर होता.

२००९ ने उलटे दाखवले. ७ जानेवारी रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी हिशेबातील खोट कबूल केली, निर्देशांक त्या दिवशी सात टक्क्यांहून अधिक पडला, आणि महिना तोट्यात गेला. तरीही वर्षाचा परतावा सुमारे ८१ टक्के भरला. २०२० च्या जानेवारीत सेन्सेक्सने प्रथमच ४२,००० पार केले, महिना किंचित उतरून संपला, २३ मार्चला एका दिवसात १३ टक्क्यांची घसरण झाली, आणि डिसेंबरअखेर निर्देशांक ४७,७५१ वर, म्हणजे सुमारे १६ टक्के वर होता. जानेवारीच्या सुरुवातीला ज्यांनी चढीचे भाकीत केले होते त्यांचे आकडे जवळपास खरे ठरले, पण ज्या कारणांसाठी केले होते त्यांपैकी एकही कारण त्या वर्षात घडले नाही. भाकिताची पडताळणी करताना केवळ अंतिम आकडा पाहू नये, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

येथे 'जानेवारीचा मापक' या लोकप्रिय समजुतीचाही विचार करावा लागतो. येल हिर्श यांनी १९७२ मध्ये प्रचलित केलेल्या या नियमानुसार जानेवारी चढला तर वर्ष चढते आणि उतरला तर उतरते. २००८ मध्ये तो लागू पडला. २००९, २०२० आणि २०२४ मध्ये जानेवारी उतरूनही वर्ष चढले. २०१८ मध्ये जानेवारीत सेन्सेक्स साडेपाच टक्क्यांनी वाढला आणि वर्ष सुमारे सहा टक्क्यांनी, म्हणजे नियम खरा ठरल्यासारखा वाटतो. परंतु जानेवारी वजा केला तर उरलेल्या अकरा महिन्यांची वाढ अर्धा टक्काही भरत नाही, आणि लहान कंपन्यांचा निर्देशांक तर त्या वर्षी वीस टक्क्यांहून अधिक पडला. मापकात स्वतः जानेवारीच मोजला जात असल्याने त्याचे यश अंशतः बनावट असते. अमेरिकेतील दीर्घ आकड्यांवर मायकेल कूपर, जॉन मॅकॉनेल आणि अलेक्सेई ओव्चिनिकोव्ह यांनी २००६ मध्ये जानेवारी वगळून तपासणी केली आणि तेथे तरी काही संबंध उरतो असे त्यांना दिसले, हे न्यायाने नोंदवले पाहिजे.

आशावाद कोणाचा?

'बाजार आशावादी आहे' असे म्हणताना अनेक भिन्न समूहांना एकच मन बहाल केले जाते. परदेशी गुंतवणूक संस्थांना भारतीय बाजार १९९२ मध्ये खुला झाला, आणि नव्या वर्षात त्या भारतात पैसा आणतात अशी जुनी धारणा आहे. प्रत्यक्षात २०२२ च्या जानेवारीत त्यांनी समभागांत सुमारे ३३ हजार कोटी, २०२३ मध्ये सुमारे २९ हजार कोटी, २०२४ मध्ये सुमारे २६ हजार कोटी आणि २०२५ मध्ये सुमारे ७८ हजार कोटी रुपयांची निव्वळ विक्री केली. लागोपाठ चार जानेवारी विक्रीचे गेले असताना दिवाणखान्यातील चर्चेत मात्र 'जानेवारीत परदेशी येतात' हे वाक्य कायम होते. या विक्रीमागे अमेरिकी रोख्यांचे व्याज, डॉलरची मजबुती आणि इतर देशांतील स्वस्त शेअर अशी कारणे होती, म्हणजे १८६५ प्रमाणेच निर्णायक बातमी दुरूनच येत होती.

देशी किरकोळ गुंतवणूकदाराचे चित्र वेगळे आहे. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती, २०२४ च्या अखेरीस ती अठरा कोटींच्या पुढे गेली. डिमॅट म्हणजे शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदीत ठेवण्याचे खाते. राष्ट्रीय शेअर बाजारातील नोंदणीकृत गुंतवणूकदार ऑगस्ट २०२४ मध्ये दहा कोटी आणि २० जानेवारी २०२५ रोजी अकरा कोटी झाले, आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे. सेन्सेक्सने २७ सप्टेंबर २०२४ रोजी ८५,९७८ चे शिखर गाठले होते, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी निर्देशांक सलग पाच महिने उतरत गेला, आणि अशी मालिका १९९६ नंतर प्रथमच दिसली. म्हणजे अकरावा कोटी पडत्या बाजारात भरला. यास आशावाद म्हणावे की शिस्त? म्युच्युअल फंडांतील मासिक हप्त्यांची रक्कम जानेवारी २०२५ मध्ये २६,४०० कोटी रुपये, म्हणजे डिसेंबरच्या जवळपास तेवढीच राहिली. त्याच महिन्यात बंद झालेल्या किंवा मुदत संपलेल्या हप्ता-खात्यांची संख्या नव्या खात्यांहून अधिक निघाली, तेव्हा 'सामान्य गुंतवणूकदार घाबरला' असे मथळे आले. नोंदींची जुळवाजुळव करून निष्क्रिय खाती एकदम काढल्याचा परिणाम त्यात मिसळला असल्याचे फंड-संघटनेने सांगितले. एकाच महिन्यातील दोन आकड्यांवरून दोन विरुद्ध मनोवृत्ती सिद्ध करता येतात, ही या क्षेत्राची दुखरी जागा आहे.

वायदे आणि पर्याय व्यवहारांत, म्हणजे प्रत्यक्ष शेअर न घेता त्याच्या भावी किमतीवर केलेल्या सौद्यांत, चित्र अधिक स्पष्ट आहे. 'सेबी' या नियामक संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ या वर्षात अशा व्यवहारांतील ८९ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाल्याचे दिसले, आणि सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांच्या काळासाठी हे प्रमाण ९३ टक्के निघाले. एवढा तोटा होऊनही नवे लोक येत राहतात याचे स्पष्टीकरण कराने किंवा खिडकी सजवण्याने होत नाही, येथे खोट्या आशेच्या सिद्धांताला वजन द्यावेच लागते. मात्र ही आशा वर्षभर सारखीच असते की वर्षारंभी उसळते, हे या वार्षिक आकड्यांतून कळत नाही.

विश्लेषकांबद्दल वेर्नर द बॉन्ट आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्येच दाखवले होते की नफ्याचे त्यांचे अंदाज वास्तवाच्या मानाने टोकाचे असतात आणि पुढे खाली आणावे लागतात. त्यामागे भाबडेपणा असतो की हितसंबंध, यावर वाद आहे. पेढी ज्या कंपन्यांची भागविक्री हाताळते त्यांच्याविषयी कडू बोलणे तिला परवडत नाही, असे एक मत आहे. दुसरे मत असे की अंदाज करणारा माणूस आपल्या आकड्यांत गेल्या वर्षाची चढच पुढे ओढतो आणि यात लबाडी नसते. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात.

अनिर्णित राहिलेले

सर्वांत मोठी अडचण मापनाची आहे. अमेरिकेत वैयक्तिक गुंतवणूकदारांच्या अपेक्षांची साप्ताहिक पाहणी १९८७ पासून चालू आहे, त्यामुळे तेथे आशावाद आणि परतावा या दोन गोष्टी निदान वेगवेगळ्या रकान्यांत मांडता येतात. भारतात रिझर्व्ह बँकेची ग्राहक-विश्वासाची पाहणी रोजगार, किमती, उत्पन्न आणि खर्च यांविषयी विचारते, शेअरांविषयी नव्हे. राष्ट्रीय शेअर बाजाराचा अस्थिरता निर्देशांक पर्याय व्यवहारांच्या भावांवरून काढला जातो, म्हणजे तोही किमतींचाच पडसाद आहे. परिणामी भारतीय लेखनात पुष्कळदा किंमत वाढली म्हणून आशावाद होता असे म्हटले जाते, आणि मग आशावाद होता म्हणून किंमत वाढली असे स्पष्टीकरण दिले जाते. हा युक्तिवाद वर्तुळाकार आहे आणि आजवरच्या बऱ्याच निष्कर्षांवर त्याची छाया पडली आहे.

कराच्या बाजूने मात्र भारताने संशोधकांना एक दुर्मिळ सोय करून दिली आहे. नोंदणीकृत शेअरांवरील दीर्घकालीन भांडवली नफा १ ऑक्टोबर २००४ पासून करमुक्त झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून पुन्हा करपात्र झाला. मधल्या साडेतेरा वर्षांत दीर्घकालीन तोटा दाखवून कर वाचवण्याचे प्रयोजनच उरले नव्हते, अल्पकालीन तोट्याचे तेवढे शिल्लक होते. जुन्या नफ्याला सवलत देताना कायद्याने ३१ जानेवारी २०१८ चा भाव प्रमाण धरला, त्यामुळे एका तेजीच्या जानेवारीच्या शेवटच्या दिवसाचा भाव असंख्य करदात्यांच्या विवरणपत्रांत अजूनही अवतरत असतो. २००४ पूर्वी, २००४ ते २०१८, आणि २०१८ नंतर अशा तीन खंडांत मार्च-एप्रिलमधील लहान शेअरांची वर्तणूक बदलली असेल तर करपक्षाला बळ मिळेल, आणि ती तशीच राहिली असेल तर स्पष्टीकरण अन्यत्र शोधावे लागेल. याच्या जोडीला दिवाळीच्या संवताची तुलना ठेवली तर तारखेचा आणि कराचा परिणाम बराचसा वेगळा काढता येईल.

यासाठी लागणारी सामग्री शेअर बाजारांकडे आणि डिमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरी संस्थांकडे आहे. ओळख पुसून, जिल्हावार, वयोगटवार आणि दिवसवार खरेदी-विक्रीचे आकडे त्यांनी विद्यापीठांना उपलब्ध करून द्यावेत, आणि 'सेबी'ने आपल्या नैमित्तिक गुंतवणूकदार-सर्वेक्षणाला 'पुढील बारा महिन्यांत बाजाराकडून किती परतावा अपेक्षित आहे' या एका प्रश्नाची मासिक जोड द्यावी. मुंबई आणि पुण्यातील अर्थशास्त्राच्या संस्थांनी ही मागणी लावून धरणे अगत्याचे आहे.